पुलाच्या कोनशिला

आमच्या नदीवर पूल नाही, पण पुलाच्या कोनशिला बऱ्याच आहेत. दर लोकसभेच्या आधी काठावर मांडव पडतो, नारळ फुटतो आणि खासदाराच्या नावाचा काळा दगड बसतो. खासदार बदलला की नवा दगड. या मतदारसंघाचा सगळा इतिहास इथे आहे, फक्त पालथा. बायकांनी ते दगड उखडून, पालथे घालून धुण्याला लावले आहेत.

काल मी होडीची वाट बघत उभा होतो. शेजारच्या सुमनकाकू तिथेच धुणं आपटत होत्या. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. पालथे का?

"अक्षरांत अडकून कापड फाटतं," त्या म्हणाल्या.

गेल्या पुरात होडी बंद होती. बाळंतपणात अडलेली त्यांची सून याच काठावर, पलीकडच्या दवाखान्याकडे बघत गेली. तरी काकू मत देतात. मीही देतो. न देऊन तरी काय करणार?

वरच्या अंगाला नव्या मांडवाचे खांब रोवत होते. काकूंनी पिळलेलं लुगडं झटकलं आणि तिकडे बघितलं.

"या वेळचा दगड जरा रुंद असू दे," त्या म्हणाल्या. "गोधड्या धुवायला होईल."