परतीचा माल

आमच्या साडूंइतका उतावळा माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नाही, आणि घडवायला घेतलाच असता, तर हे कमरेवर हात ठेवून त्याच्याही मागे उभे राहिले असते, "देवा, आटपा, माल सेट होतोय!" तलासरीजवळ महामार्गाला लागून काँक्रीटचा एक प्लॅन्ट होता. मोठमोठ्या पुलांना आणि रस्त्यांना तिथून ओला माल जायचा. तो पोटात घेऊन गरगर फिरत जाणाऱ्या मिक्सर गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतली कोणती केव्हा आणि कुठे सुटणार, हे आमचे साडू ठरवत. निघाल्यापासून दोन तासांत माल ओतला पाहिजे, नाहीतर तो गाडीच्या पोटातच दगड होतो, हे त्यांच्या धंद्याचं शास्त्र. साडूंनी ते उदारपणे सगळ्या सृष्टीला लागू केलं. माझ्या लग्नात भटजी मंगलाष्टकं लांबवू लागले, तेव्हा यांनी पहिल्या रांगेतून त्यांना घड्याळ दाखवलं. डहाणूत माझ्याइतक्या झटपट कोणाचं लग्न लागलं नसेल आणि पस्तावायला इतका वेळही कोणाला मिळाला नसेल. चहाचा कप हातात आला की तो संपेपर्यंत हे चमच्याने ढवळत राहणार. का, तर "थांबलं की बसलं." आमच्या हिने एकदा मूद पाडून उपमा दिला. साडूंनी ताट डोळ्यांच्या पातळीवर धरलं, बोटांनी मुदीची उंची मोजली आणि म्हणाले, "चार बोटं खचली. पाणी जास्त झालं. असा माल मी गेटबाहेर सोडत नाही." तेव्हापासून त्यांना आमच्याकडे फक्त बिस्किटं मिळतात. बिस्किटांत पाणी नसतं, त्यामुळे त्यांचीही तक्रार नाही.

पाण्याशी त्यांचं हे वैर जुनं. माल घट्ट होऊ लागला की काही ड्रायव्हर गुपचूप दोन बादल्या पाणी मारतात. माल पुन्हा लोण्यासारखा सरकतो आणि वाळला की तडकतो. साडूंच्या लेखी हे पाप खुनाच्या खालोखाल, आणि तेही माझ्या भिडेखातर खालोखाल. झरीजवळ एका ड्रायव्हरला त्यांनी बादलीसकट पकडलं. तो म्हणाला, "साहब, नहाने के लिए लिया था." साडूंनी त्याला तिथेच, महामार्गाच्या कडेला, भर दुपारी आंघोळ करायला लावली. साबण स्वतः टपरीवरून आणून दिला आणि पाठ नीट घासली की नाही हेही बघितलं.

मात्र अशा कडक माणसाच्या हातून डहाणू-तलासरीत जेवढा दानधर्म झाला, तेवढा निवडणुकीच्या वर्षातसुद्धा होत नाही. साइटवर मागवलेला माल थोडाफार उरतोच. तो परत येतो आणि घड्याळ तर चालूच असतं. प्लॅन्टचे मोठे साहेब म्हणत, "माझ्या आवारात ओतू नका, हवं त्याला द्या." मग साडू मोटरसायकलवरून मिक्सरच्या पुढे धावत आणि गिऱ्हाईक शोधत. "ओटा पाहिजे का ओटा? लवकर बोला!" विचार करायला वेळ नसल्यामुळे लोकांनी काहीही मागून घेतलं. रानशेतला एका घरामागे तीन सुबक पायऱ्या आहेत. त्या कुठेच जात नाहीत. एका गृहस्थाने गोंधळून म्हशीखाली ओतून घेतला. तो माल उड्डाणपुलाच्या खांबाचा होता. ती म्हैस आज ज्यावर उभी राहून रवंथ करते, त्यावरून रणगाडा गेला तर रणगाड्यालाच पोचे पडतील.

ही म्हशीची कीर्ती सायवनच्या रस्त्यावर वनशीबाईच्या कानी गेली. वनशीबाईची तिथे चहाची टपरी. मिक्सरचे ड्रायव्हर तिचे गिऱ्हाईक. लहानपणीच तिचे पाय गेलेले. हाताने चालवायच्या तीन चाकी सायकलवर ती सगळीकडे फिरे. सगळीकडे म्हणजे आपल्या घराखेरीज. घर होतं टपरीच्या मागे, चढावर, पाड्याच्या टोकाला. चढ काही फार मोठा नव्हता, पण मातीत चाकं रुतत. म्हणून सायकल रस्त्यावर ठेवून ती तळहात टेकत, बसल्या बसल्या वर जाई. मी ते पाहिलं आहे आणि त्यावर मला काही विनोद सुचत नाही.

साडूंना पहिला चहा देतानाच ती म्हणाली, "शेठ, म्हशीच्या पायाला घातलात, माझ्या चाकाला कधी घालाल?"

साडूंनी चमचा थांबवला. आयुष्यात प्रथमच.

त्या दिवसापासून परतीचा सगळा माल त्या चढावर जाऊ लागला. गाडी खाली उभी राही, पाड्यातली माणसं घमेली घेऊन धावत आणि साडू घड्याळ नाचवत ओरडत. कधी चार पावलं रस्ता झाला, कधी दीड. हा तुकडा पुलाचा, तो गटाराचा, पुढचा बोगद्याचा. इतक्या जातींचं काँक्रीट एका रांगेत बसलेलं देशात दुसरीकडे दिसणार नाही. आणि मग पुलाच्या साइटवर एक नवा इंजिनियर आला. अतिशय हुशार, अतिशय काटेकोर. जेवढा माल मागवी, तेवढाच लागे. घमेलंभर उरेना. साडू पार खचले. "एवढा तरुण मुलगा," ते मला म्हणाले, "आणि एक चूक नाही हो! आईबापांनी काही शिकवलंच नसेल."

तेवढ्यात मोठी कामं संपत आली आणि प्लॅन्ट उचलून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं ठरलं. वनशीबाईच्या दाराला अजून नऊ पावलं कमी होती. तिने मोजली, साडूंनी मोजली, साडूंच्या सांगण्यावरून मीही मोजली. नऊच भरली.

शेवटच्या दिवशी साडूंचा फोन आला. "भाऊ, रिकामे आहात ना? घमेलं घेऊन सायवनला निघा." पुलावरचा पंप बिघडला होता आणि शेवटच्या गाडीतला घनमीटरभर माल परत निघाला होता. त्या हुशार इंजिनियरला पंपाचा मूड मोजता आला नव्हता. मी पोचलो तेव्हा पाडा घमेली घेऊन उभा होता आणि साडू रस्त्यात येरझाऱ्या घालत होते. वाटेत एक ट्रेलर आडवा झाला होता. दीड तास झाला. दोन झाले. गाडी आली तेव्हा घड्याळ दोन तास वीस मिनिटं दाखवत होतं.

ड्रायव्हरने माल सोडला, तर पन्हाळीतून दोन ढेकळं पडली आणि पुढचं काही येईना. तो खाली मान घालून हळूच म्हणाला, "साहब, दो बाल्टी पानी मार दूँ?"

साडूंनी चढाकडे पाहिलं. दाराशी वनशीबाई बसली होती. घाई करा म्हणून ती ओरडत नव्हती, नुसती बघत होती. साडूंचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मार," ते म्हणाले, आणि पाठ फिरवून उभे राहिले.

माल आला. आम्ही धावलो. माझी कंबर त्या दिवशी जी धरली ती अजून सुटलेली नाही. नऊ पावलं दारापर्यंत भरली, थापीने कशीबशी सारखी केली. साडू त्याकडे बघायला तयार नव्हते. जाताना एवढंच म्हणाले, "बाई, हा तुकडा तडकणार. मी हा माल पास केला नसता."

"मी केला," वनशीबाई म्हणाली. "तुमी चहा घ्या."

प्लॅन्ट गेला, त्याच्याबरोबर साडूही त्या दुसऱ्या जिल्ह्यात गेले. आता तिथे रानगवत आहे आणि गाड्यांच्या चाकोऱ्यांत पाणी साचतं. रविवारी त्यांचा फोन येतो. आमची खुशाली विचारायची त्यांना आठवण राहत नाही. पावसाळा सरल्यावर म्हणाले, "सायवनला जाऊन या." मी गेलो. वरच्या नऊ पावलांना सगळीकडे भेगा, हाताच्या रेषांसारख्या. मी तिथूनच फोन लावला.

"भेग केवढी?"

"नाणं उभं जाईल."

मग त्यांनी अगदी सावकाश विचारलं, "आणि सायकल?"

"घरात आहे. चुलीपर्यंत नेते म्हणे."

त्यावर साडूंनी फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही. आम्हा दोघांनाही त्या दिवशी कसलीच घाई नव्हती.