पळपुटे ठोके

ईसीजी काढताना पेशंटला एकच सांगायचं असतं, "हलू नका, बोलू नका." आणि अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात "बोलू नका" म्हटल्यावरच माणसाला बोलायचं सुचतं! एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस छातीवर रबरी कप लागले, की पार आजोबांच्या बैलजोडीपासून सुरू होतो. त्यामुळे आमच्या खोलीत रिपोर्टपेक्षा किस्से जास्त जमतात. रिपोर्ट पेशंट घेऊन जातात, किस्से आमच्याकडेच राहतात.

आमचं म्हणजे चंद्रपुरातलं एक लहानसं हार्ट क्लिनिक. तिथे मी ईसीजी टेक्निशियन. बीएस्सी झालेली, आणि कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. "अशा पोरीला हृदयाच्या दवाखान्यात कुणी घेतलं?" हा प्रश्न माझ्या आत्यापासून पेशंटपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. आमच्या सीनियर सिस्टर शालूताई मात्र दर वेळी उत्तर देतात, "तिले पाहून पेशंटले वाटते, आपण तं बरे आहो!"

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. घुग्घुसचा एक खाणकामगार शिफ्ट संपवून थेट बाइकवर आला होता. छातीवर कोळशाची इतकी धूळ, की कापसाचे बोळे काळे होता होता संपत आले. कप चिकटेनात. कसेबसे चिकटवले, बटण दाबलं, कागद सरकायला लागला आणि त्यावर सरळ रेघ!

सरळ रेघ म्हणजे काय, हे कुणी शिकवायला लागत नाही. मी किंचाळले, "सर!!!"

आमचे डॉक्टर सर धावत आले. शालूताई धावत आल्या. बाहेरचे दोन पेशंटही धावत आले. सरांनी शांतपणे मनगटावरून निसटलेला क्लिप उचलून परत लावला. कागदावर ठोके उमटायला लागले.

टेबलावरचा माणूस पांढराफटक पडला होता. त्याने हळूच विचारलं,

"मॅडम, मी आहो ना अजून?"

* * *

ठोक्यांचा घोळ बेरका असतो. पेशंट घरी असतो तेव्हा ठोके उड्या मारतात, आणि आमच्या टेबलावर आडवा झाला की पहिल्या बाकावरच्या मुलासारखे शहाणे होतात. म्हणून होल्टर असतो. पट्ट्याला अडकवायचा एक लहानसा डबा, वायरी छातीला. दिवस-रात्र एकेक ठोका टिपून ठेवतो.

असा डबा आम्ही एका वनरक्षक भाऊंना लावला. सांगितलं, "रोजचं जे काम करता तेच करा."

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड पाहिलं तर दुपारी एका जागी ठोके झाडावर चढल्यासारखे चढलेले. सर खुर्चीत पुढे सरकले. "भाऊ, काल दुपारी काय करत होता?"

"काई नाई सर. गस्त."

"काही विशेष?"

"विशेष काई नाई. वाघीण समोर आली होती."

मी तिथल्या तिथे मागे सरकून कपाटाला धडकले. सरांनी विचारलं, "मग?"

"मंग काय! तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर, माह्या कमरेले डब्बा. दोघंही ड्युटीवर. ती तिकडं गेली, मी इकडं."

* * *

आता माझं स्वतःचं. मला वर्षभरापासून मधूनच धडधड व्हायची. साधी नाही. खट्कन बटण दाबल्यासारखी सुरू व्हायची, गळ्यापर्यंत ठोके, डोळ्यांपुढे काजवे, आणि खट्कन बंद.

मी हृदयाच्या दवाखान्यात नोकरीला, आणि माझ्या हृदयासाठी डॉक्टर शोधत गावभर! कारण आपल्याच सरांना सांगायची लाज वाटायची. एकांनी गॅसची गोळी दिली. एकांनी झोपेची. तिसऱ्यांनी नाडी धरली, मी दचकले, त्यांनी लिहून टाकलं, "घाबरटपणा." सावली गावच्या आत्याने मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकलं आणि ठसका लागून तिलाच धडधड झाली.

शालूताईंचं निदान पहिल्यापासून पक्कं, "प्राचे, तुले काई नाई झालं. तू भित्री आहेस, बस्स!"

गंमत म्हणजे मलाही तेच वाटायला लागलं होतं. फक्त रात्री झोपताना एक प्रश्न उरायचा. मी भित्री आहे म्हणून हे होतं, की हे होतं म्हणून मी भित्री झाले?

शेवटी सरांना सांगितलंच. ते म्हणाले, "हृदयाचे डॉक्टर दोन प्रकारचे. एक नळाचे, एक लाइटचे. मी नळाचा. नळी कुठे तुंबली ते बघतो. तुझं काम लाइटवाल्याचं दिसतंय." लाइटवाले म्हणजे ठोक्यांचे तज्ज्ञ. ते महिन्यातून एकदा नागपूरहून आमच्याकडे येतात.

* * *

माझे बाबा ऊर्जानगरला, वीज केंद्रात. "लाइटचा डॉक्टर" ऐकल्यावर ते हाफ डे टाकून माझ्यासोबत आले.

नागपूरच्या सरांनी समजावलं, "हृदयात विजेचा एक ठरलेला रस्ता असतो. काहींना जन्मापासून एक जास्तीची वायर असते. वीज त्या रस्त्यात गोल गोल फिरत बसते, की ठोके पळत सुटतात."

बाबांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना डॉक्टरची भाषा कळत होती! "म्हणजे लूप झाला! सर, मंग एकदा शटडाऊन घेऊन रिस्टार्ट करून पाहा ना!"

सर घाईघाईने म्हणाले, "काका, माणसाचं शटडाऊन घेत नाहीत!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण हा सगळा अंदाज आहे. चालू असताना तो ईसीजीत सापडला पाहिजे. पकडून आणा, मग बोलू."

बाहेर आल्यावर बाबा कुजबुजले, "माणूस चांगला आहे. पण फॉल्ट आपल्यालेच शोधाले लावून राह्यला."

* * *

मग मला होल्टर लागला. त्या दिवशी मी पाल अंगावर पडून किंचाळले, ट्रकच्या हॉर्नने किंचाळले, आणि बाबा डब्यातला दिवा लागलाय का ते बघायला पहाटे टॉर्च घेऊन उभे होते, तेव्हा तर कॉलनी उठली.

धडधड मात्र नाही म्हणजे नाहीच!

क्लिनिकमध्ये डबा काढला, ड्रॉवरमध्ये ठेवला, चहा आणायला जिना उतरले आणि खट्! धापा टाकत वर आले, टेबलावर आडवी झाले, शालूताईंनी कप लावले, आणि खट्! बंद. कागदावर शहाणे ठोके.

शालूताई म्हणाल्या, "तुह्यं हृदय सरकारी दिसते. साहेब आले का बरोबर जागेवर!"

नागपूरच्या सरांना रेकॉर्ड पाठवलं आणि फोन केला. ते म्हणाले, "पाल, ट्रक, टॉर्च, तिन्ही दिसताहेत. भीतीचे ठोके चढावर चढल्यासारखे चढतात आणि तसेच उतरतात. हे चोर नाहीत. चोर एकदम येतो, एकदम जातो."

म्हणजे माझ्याकडे पुरावा होता तो फक्त पालीचा.

* * *

पुढच्या महिन्यात नागपूरचे सर आले त्या दिवशी बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. सावलीच्याही पलीकडून मैनाबाई नावाच्या आजी पहिल्या एसटीने आल्या होत्या. सकाळपासून ताटकळून दुपारी त्यांचा नंबर लागला. शालूताईंनी मशीनमध्ये त्यांचं नाव टाकलं, वय टाकलं. मी कप लावत होते. घाबरलेली अजिबात नव्हते. मनात होती जेवणाच्या डब्यातली तुरीच्या दाण्यांची भाजी.

खट्!

मी टेबलाची कड धरून खाली बसले. मैनाबाईंनी मान वळवली. "काय झालं वं पोरी?"

"बाई... आलं..."

काय आलं, ते त्यांनी विचारलं नाही. उठल्या. छातीवरचे कप पटापट खाली पडले. "ये, तू झोप इथी. मी मागून झोपतो."

आणि आमच्या शालूताई! कुणालाही न घाबरणाऱ्या शालूताई "अवं माय वं!" करत कपांखाली लावायच्या जेलीची बाटली माझ्या केसांवरच दाबत सुटल्या. शेवटी मीच पडल्या पडल्या सांगत होते, "ताई, तो कप तिकडे. घाबरू नका. आता बटण दाबा."

कागद सरकायला लागला. एकाला एक चिकटलेले ठोके, दाट, कागदभर!

नागपूरचे सर धावत आले. त्यांनी आधी कागदच ओढला. "दोनशेच्या घरात! मैनाबाई, वय अडुसष्ट... कुठे आहेत? कशा आहेत?"

कोपऱ्यातल्या स्टुलावरून मैनाबाई म्हणाल्या, "मी मस्त आहो जी!"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग टेबलावर, केसांत जेली घेऊन पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. पळते ठोके ताळ्यावर आणायला मला अर्धवट उठवून रिकाम्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं, मग झटकन आडवं करून पाय वर धरले. आणि खट्! बंद.

"पकडला!" सर ओरडले. आणि त्या आवाजाने मी दचकले.

"सर, मी घाबरले नव्हते," एवढंच माझ्या तोंडून निघालं. आणि मग रडूच आलं.

"नव्हताच. घाबरलेलं हृदय असं पळत नाही. ही जास्तीची वायर आहे. नागपूरला या. पायाच्या शिरेतून बारीक तार आत नेऊन तेवढाच रस्ता जाळून टाकू. बहुतेक जणांचं कायमचं थांबतं."

"मग माझं दचकणंही जाईल?"

"त्याचा डॉक्टर मी नाही."

शालूताईंनी माझ्या केसांतली जेली पुसली.

मग मी उठून मैनाबाईंना टेबलावर घेतलं, कप लावले, त्यांचा ईसीजी काढला. सुरेख! एकेक ठोका ऐटीत, मध्ये भरपूर जागा सोडून. "आजी, एकदम नॉर्मल!" मी म्हटलं.

त्यांनी एका हातात माझा कागद घेतला, दुसऱ्या हातात स्वतःचा. खिडकीच्या उजेडात दोन्ही बराच वेळ निरखून पाहिले. मग माझ्याकडे पाहून नाराजीने म्हणाल्या,

"एवढ्या दुरून मी आली, अन् मलेच कमी काऊन दिले वं?"