आठ वाजून दहा मिनिटांचं झाकण

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण फरशीवर पडलं. ते मी पाडलं. मुद्दाम.

कारण असं. आमची मृण्मयी आठ आठवडे आधी जन्मली. पहिला महिना काचेच्या पेटीत, भोवती यंत्रांची पीं-पीं. आता ती अडीच वर्षांची. पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकून रडायची. जूनपासून तिला शिशुवर्गात घालायचं की थांबायचं, हे डॉक्टरीणबाई शुक्रवारी ठरवणार होत्या. त्यांनी रोज भरायला एक तक्ता दिला होता. त्यात एक प्रश्न: 'अचानक आवाज झाल्यास मूल किती वेळात शांत होते?'

मी पंधरा वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली आहेत. ऐकीव माहिती लिहीत नाही. (घरातलीसुद्धा!)

सोमवारी मृण्मयी एकोणीस मिनिटं रडली. सासूबाईंच्या हातून सांबाराचा डाव सुटला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरच्या मराठी रंगाऱ्यांचं; राग आला की मराठीत कन्नड उतरतं.

"अय्यो! साकु, जावईबापू, बस करा! सुम्ने, उगाच पोरीला कशाला घाबरवता?"

"नोंद घेतोय, आई."

"मग माझी पण घ्या. माझं अजून धडधडतंय!"

मंगळवारी अकरा मिनिटं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सिलिंडरची चौकशी करून गेले.

बुधवारी मी झाकण उचलताच मृण्मयीनं दोन्ही कान झाकले आणि ओरडली, "आज्जी, कान!" झाकण पडलं. रडणं शून्य मिनिटं! मी विजयी मुद्रेनं लिहायला घेतलं.

"अरे, हा आवाज अचानक कुठे राहिला?" माझी बायको वैशाली म्हणाली. "रोज आठ-दहालाच पाडतोस!"

आक्षेप ग्राह्य होता. गुरुवारी वेळ बदलायची ठरवली. कॉफी आणि तक्ता घेऊन फरशीवर बसलो. योग्य क्षणाची वाट बघत होतो, तेवढ्यात माझ्या पाठीमागे झाकण पडलं.

मी किंचाळलो. कॉफी तक्त्यावर! मागे मृण्मयी उभी होती. तिनं माझ्या दोन्ही कानांवर हात ठेवले आणि आजीच्याच सुरात म्हणाली, "झालं, झालं. गेला आवाज."

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी (त्या कोल्हापूरच्या, म्हणून तक्ताही मराठीत) तक्ता उजेडात धरला.

"हा डाग कसला?"

"कॉफीचा. अचानक आवाज झाला."

"आणि मूल?"

"झाकण तिनंच पाडलं होतं. शांत होती."

"मग घाबरलं कोण?"

उत्तर सोबत आलेल्या सासूबाईंनी दिलं. "जावईबापू. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. बारा मिनिटं लागली बघा. मी घड्याळ लावलं होतं!"

डॉक्टरीणबाई वीस मिनिटं मृण्मयीशी खेळल्या. मग त्यांनी लिहिलं: 'जूनपासून शिशुवर्गात जाण्यास हरकत नाही.' गुरुवारचा शांत होण्याचा रकाना डागाखाली कोराच होता. त्यातही त्यांनी नोंद केली: 'मूल: लगेच. वडील: बारा मिनिटे.'