पाण्याच्या पुढे वाजणारी घंटी

मंडळी, या पानावरचे अनुभव मी आजवर फक्त टिंगल करायला वाचले आहेत. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि शेवटी विचारायचं, "सांग, वारा की मांजर?" मी धुळ्यात शाळेत विज्ञान शिकवते. भानामती, अंगात येणं... वर्गात एकेकाची साल काढून झालेली आहे. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर घरात हसाहसी चालू आहे. हसू देत. मला कुणाचे तरी आभार मानायचेत आणि कुणाचे ते माहीत नाही, म्हणून हे इथे लिहितेय.

आधी नानांबद्दल सांगते. नाना म्हणजे माझे सासरे. उभा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला, मशिनींच्या खडखडाटात, आणि रिटायर होताना कान तिथेच ठेवून आले. कानाचं मशीन लावलं तर समोरासमोरचं बोलणं कळतं. काढलं की शेजारी बँडबाजा वाजला तरी पत्ता नाही. पण सायकल म्हणजे त्यांचा जीव. सासूबाई गेल्यावर तर माणूस सायकलीपुरताच घराबाहेर पडायचा.

मग एकदा साक्री रोडवर मागून ट्रकवाल्याने हॉर्नवर हॉर्न दिले, यांना ऐकू आले नाहीत. ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी नवऱ्याने सायकलला कुलूप लावलं. त्यानंतर नाना नुसते ओट्यावर बसून राहायचे. अर्धी भाकरी ताटात तशीच राहायची. डोळ्यांदेखत माणूस वाळत चालला होता आणि आम्ही म्हणत होतो, काळजीपोटीच केलंय.

मला त्या सुमारास ग्रॅव्हल सायकलिंगचा नाद लागला होता. म्हणजे काय, तर जाड टायरची सायकल घ्यायची आणि डांबरी सोडून मुरमाच्या, मातीच्या रस्त्यांनी हिंडायचं. एक दिवस डोक्यात आलं — जिथे हॉर्नच नाही तिथे कान कशाला लागतात? नवरा कुरकुरत तयार झाला. अट एकच, मी सोबत असायचं आणि मोटारीचं चाक फिरकत नाही अशाच रस्त्याने जायचं.

तेव्हापासून रविवारी सकाळी गाडीवर दोन्ही सायकली बांधून आम्ही साक्री तालुक्यातल्या नानांच्या मूळ गावी जायला लागलो. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच लोकांना त्रास नको. गावाबाहेरच्या गाडवाटेने निघायचं, मग धरणाचा पाट लागतो, त्याच्या भरावावरून मुरमाचा रस्ता लांबवर जातो. दोन्ही बाजूंना कांदा, गहू, हरभरा. फार तर एखादी बैलगाडी आडवी येणार. नाना पुढे, मी मागे. वारा लागला की कानातलं मशीन घोंघावतं, म्हणून ते डबीत घालून खिशात. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "आम्ही या मुरूमवर नाइलाजनी फिरूत, तुम्ही हौशेनी फिरतस." आणि कितीतरी महिन्यांनी हसले. त्या रस्त्यांनी मला माझे सासरे परत दिले, हे मी आधीच कबूल करते.

आता तो रविवार. थंडी ओसरत होती, गहू ओंबीवर आला होता. पाटाच्या रस्त्यावर कुणीतरी कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या. नुसते काटे. पाट मात्र कोरडा ठणठणीत, तळाला गाळाचा मऊ थर, गालिचाच म्हणा. तिथे सगळेच कोरड्या पाटातून जातात — शेळ्या, पोरं, सरपण आणणाऱ्या बाया. आम्हीही पायऱ्यांवरून सायकली खाली उतरवल्या आणि पाटातून निघालो.

पुढे एका रस्त्याखालून पाट जातो, तिथे लांबलचक मोरी आहे. आत थंडगार. तिथेच माझं मागचं चाक बसलं, काटा आधीच घुसला होता. मी सायकल उलटी करून चाक काढलं. नाना मोरीत भिंतीशी रुमाल अंथरून आडवे झाले आणि डोळे मिटले. मी ट्यूब बाहेर ओढतेय तोच ते उठून बसले.

"बाजूले व्हय," म्हणाले. "कोनी तरी घंटी वाजाडत यी ऱ्हायना."

मी मोरीच्या दोन्ही तोंडांकडे पाहिलं. कुणी नाही. कान देऊन ऐकलं. बाहेर होले घुमत होते, बाकी काही नाही. मी हातानेच खुणावलं, कोणी नाही, झोपा.

नाना तापट आहेत. "तुले ऐकू नही येस का? कव्हयना वाजाडी ऱ्हायना बिचारा. रस्ता दे त्याले."

ज्याला ढोल ऐकू येत नाही तो माणूस मला ऐकू येत नाही का विचारतोय... मला हसूच आलं. पण ते सायकल घेऊन चालायलाही लागले. आयुष्यभर कुणाची घंटी वाजली की बाजूला होणारा माणूस, त्याला मोरीत थांबणं म्हणजे लोकांची वाट अडवणं वाटत होतं. त्यांना एकटं कसं सोडू? ट्यूब आणि पंप तिथेच टाकून, एका हातात सायकल, एका हातात चाक, अशी मी बडबडत त्यांच्यामागे निघाले. मोरीच्या पुढे पायऱ्या होत्या, त्या चढून आम्ही भरावावर आलो. नाना घंटीवाल्याला शोधत इकडेतिकडे पाहत होते. रस्ता मोकळा.

मी काही बोलणार, तेवढ्यात ओल्या मातीचा वास आला. मग वाळल्या पानांची सळसळ झाली, आणि मोरीच्या तोंडातून काटक्या, बाटल्या, फेस असा सगळा कचरा ढकलत पाणी बाहेर आलं. त्याच्यामागे पाट भरत भरत आला. नाना जिथे झोपले होते तिथे काय झालं असेल ते मी बघू शकत नव्हते, नुसता गडगडाट ऐकू येत होता. त्यांना तोही ऐकू येत नव्हता.

नानांनी खिशातली डबी काढून मशीन कानात घातलं. म्हणजे तोवर ते डबीतच होतं, हे मी स्वतः पाहिलं. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा हात धरून रडत सुटले.

पलीकडे शेळ्या चारणारी एक म्हातारी अक्का धावत आली. आधी तिने आम्हाला झाडलं. "गावना ग्रुपवर मेसेज व्हता ना, पानी सोडतस म्हनीसन. कोन सांगं तुमले पाटमा उतराले?" मी म्हटलं, आम्ही ग्रुपवर नाही, घंटी ऐकून वर आलो.

"कशी घंटी?" अक्काने विचारलं.

नानांनी हँडलवर नखाने वाजवून दाखवलं. दोनदा, मग थांबून पुन्हा दोनदा. अक्काने पदर तोंडाला लावला.

मग तिने पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याबद्दल सांगितलं. "पहिले पाटकरी पानीना पुढे सायकलवर जाये. अशीच वाजाडे. बठ्ठा वर चढी जायेत. आते मोबाईल शे, घंटी कोन वाजाडस?" आज कोणी गेलं का, मी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. ती सकाळपासून तिथेच होती.

तुम्ही म्हणाल, नानांच्या लहानपणीची आठवण असेल. पण पाट खोदला गेला त्याच्या कितीतरी आधी ते गाव सोडून धुळ्याला आले होते. पाण्याची थरथर भिंतीतून जाणवली असेल? असेलही. पण थरथर दोनदा वाजून थांबते का? डॉक्टरांकडे कान तपासले, होते तसेच. मी मशीन काढायला लावून त्यांच्या पाठीमागे घंटी वाजवली. ते शांतपणे पेपर वाचत राहिले.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, लागलं पुन्हा कुलूप. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून जुन्या पद्धतीची पितळी घंटी घेऊन आला आणि स्वतः नानांच्या सायकलला बसवली.

आता मी गावाच्या ग्रुपवर आहे. सुट्टीच्या दिवशी पाणी सुटणार असलं की आम्ही आधी पोचतो आणि पाण्यापुढे भरावावरून घंटी वाजवत जातो. कोरड्या पाटात आम्ही परत उतरलो नाही. नानांना स्वतःची घंटी ऐकू येत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने मागे वळून विचारतात, "वाजस ना?" मी अंगठा वर करून 'हो' म्हणते.

गेल्या खेपेला त्यांनी मध्येच वाजवणं थांबवलं. मी सायकल पुढे काढून खुणेने विचारलं, का? नाना म्हणाले, "आज मी कसाले वाजाडू? पुढे कोनी तरी वाजाडी ऱ्हायना."

मला काही ऐकू आलं नाही. पण लांब, वळणाच्या पुढे, पाटातल्या शेळ्या एकामागून एक वर चढत होत्या. मी उत्तर शोधणं सोडून दिलंय. सायकल थांबवली आणि त्या मोकळ्या रस्त्याकडे बघून हात जोडले. नाना तर केव्हाच टोपी काढून उभे होते.