आरशातला समुद्र

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यांना सगळी गल्ली ‘गाइडसाहेब’ म्हणायची. स्वतः त्यांनी गावाची वेस ओलांडली असेल ती फक्त कात्र्यांना धार लावून आणायला; पण डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या त्या समुद्रकाठच्या शहराची सहल आखून द्यावी ती त्यांनीच. गळ्याभोवती कापड बांधलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हा त्यांच्या लोकप्रियतेचा पाया होता.

“दोन दिवस पुरेत,” फवारा मारता मारता ते सांगत. “आधी दीपगृह, मग डोंगर. आणि बसमध्ये डावीकडेच बसायचं! समुद्र डावीकडे. उजवीकडे बसलात तर नुसते दगड मोजत जाल.”

ही विद्या त्यांनी थोडी गिऱ्हाइकांच्या तोंडून गोळा केली होती, बाकीची एका फोटोतून. हा भलामोठा फोटो खुर्चीमागच्या भिंतीवर लावलेला होता. मधून रस्ता, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर. गाइडसाहेब दिवसभर आरशाकडे तोंड करून उभे. मान वर केली की आरशात आधी गिऱ्हाइकाचं फेसाळलेलं तोंड आणि त्याच्या डोक्यावर ते शहर.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायको म्हणाली होती, “अहो, आपणही जाऊ या ना.”

“जाऊ की!” गाइडसाहेब म्हणाले, आणि बेत आखायला बसले ते उठलेच नाहीत. थंडीत धुक्यामुळे डोंगर दिसत नाही, उन्हाळ्यात गर्दी, पावसाळ्यात समुद्र खवळलेला. जे दिवस उरले त्यांत मुलीच्या परीक्षा. खरी गोम वेगळीच होती. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली गेलं की परत येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि समोरच एक चकाचक सलून टपून बसलं होतं.

यंदा बायकोच्या ताईने सूत्रं हातात घेतली. “भाऊजी, तिघांची तिकिटं काढलीत. लेक सासरी गेली, हिच्या गुडघ्यांचं डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंय. आता कारण सांगितलंत तर तुमच्याच वस्तऱ्याने तुमच्या मिशा उतरवीन.”

बायकोने आयुष्यात पहिल्यांदा कॅनव्हासचे बूट घेतले. सलूनमागच्याच घरात, स्वयंपाकघरात फेऱ्या मारून ते पायात मुरवले. निघायच्या सकाळी रिक्षा दारात आली, आणि नेमकं तेव्हाच एक जुनं गिऱ्हाईक गाल खाजवत शटरपाशी येऊन उभं राहिलं.

गाइडसाहेबांचा पाय घोटाळला. “तुम्ही व्हा पुढे. एवढी एक दाढी उरकतो, दुपारच्या बसने आलोच.”

ताई तोंड उघडणार होती, पण बायकोने तिला दंडाला धरून रिक्षात बसवलं. मग पिशवीतून नवऱ्याचा स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. “संध्याकाळी तिकडे गार असतं म्हणता ना? घालून या.”

एका दाढीमागून दुसरी आली. दुपारची बस गेली. दुसऱ्या दिवशी जायचं तर परतायची वेळ झालेली.

दोघी आल्या त्या नाकं भाजून. गाइडसाहेबांनी ओशाळून पहिला प्रश्न विचारला, “डावीकडे बसलात ना?”

“बसलो,” ताई म्हणाली. “दगड मोजले.”

“शक्यच नाही! फोटोत स्पष्ट दिसतंय,” असं म्हणत त्यांनी आरशाकडे बोट केलं.

“फोटोत समुद्र उजवीकडेच आहे,” बायको म्हणाली. “रोज मीच तर पुसते तो.”

गाइडसाहेब मागे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी तो फोटो समोरून धडपणे कधी पाहिलाच नव्हता.

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, परतीचं सांगताय.”

“आणि गिऱ्हाइकांपैकीही कुणी—”

“गळ्याशी वस्तरा असताना कोण बोलणार, भाऊजी?” ताई हसत सुटली. बायकोही हसली.

ताई गेल्यावर ते हळूच म्हणाले, “पुढच्या महिन्यात आपण दोघंच जाऊ. उजवीकडे बसू.”

बायको बूट काढत होती. गुडघा चांगलाच सुजला होता. “नको. दीपगृहाच्या अर्ध्या जिन्यावरच गुडघ्यांनी हात टेकले. आता पुन्हा जमायचं नाही. आणि माझं झालं ना बघून.” बूट बाजूला ठेवत म्हणाली, “काही छान दिसलं की तुम्हाला दाखवायला बाजूला वळायची, तर शेजारी ताई घोरत असायची. तुम्ही जाऊन या एकदा.”

पुढे काही दिवसांनी सकाळीच एक तरुण घाईघाईने खुर्चीत बसला. गालांना फेस लागला. “गाइडसाहेब, आज तुमच्या त्या शहराला निघालोय. डावीकडे ना?”

“उजवीकडे. एकटेच?”

“नाही, बायको स्टँडवर पुढे गेलीय. म्हटलं, दाढी उरकतो आणि येतोच मागून.”

गाइडसाहेबांचा हात थांबला. त्यांनी टॉवेल घेऊन त्याच्या तोंडावरचा फेस खसाखसा पुसला आणि गळ्याचं कापड सोडलं.

“अहो, दाढी?”

“तिकडे कुणाकडूनही करून घ्या. उठा आधी!”

तो बावचळून पळाला. आतून बायकोने विचारलं, “गिऱ्हाईक गेलं का हो?”

“गेलं,” ते म्हणाले, आणि खुंटीवरच्या स्वेटरला हात लावून आरशाकडे पाठ करून फोटोसमोर उभे राहिले.