जीवाणूची वाटणी आणि माझा मत्सर

ओलं पातळ पिळताना दगडावर पडणाऱ्या पाण्याचा एक भरदार आवाज होतो. सकाळच्या उन्हात रामघाटावर तो सतत ऐकू येतो. दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, एक उजवीकडे पिळते, दुसरी डावीकडे, आणि पीळ पुरेसा बसला की ते लांबलचक वस्त्र मधूनच उसळतं, स्वतःभोवती वेटोळी घालतं आणि बघता बघता हातभर होऊन बसतं. सारा जन्म उज्जैनमध्ये गेला, हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल! पण त्या पिळात जीवाणूचं गुणसूत्र दिसलं ते माझ्या एका विद्यार्थिनीला, मला नाही. ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले, वडील बँकेला चिकटले आणि मी फळ्याला. तीस वर्षं मी इथल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी फळ्यावर काकडीसारखी एक पेशी काढायची, तिच्या पोटात खडूने गिरगटायचं आणि म्हणायचं, हा डीएनए. पेशी लांबत जाते, त्याच्या दोन प्रती आपोआप दोन टोकांना सरकतात, मधे भिंत येते, झाल्या दोन पेशी. पुस्तकात तसंच होतं. ज्या जिवाला साधं केंद्रकही नाही, त्याच्या घरात कसली आलीय शिस्त, असं मी मनोमन धरून चालले होते.

वृंदा दुसऱ्या बाकावर बसायची. तिच्या वडिलांचं देवास गेटजवळ शिलाई मशिनी दुरुस्त करायचं दुकान होतं. एके दिवशी ती उभी राहिली. “मॅडम, हा धागा पेशीपेक्षा हजारपट लांब, वर त्याची बंद कडी. एकीच्या दोन कड्या झाल्या तर त्या एकमेकींत अडकणारच ना? अपने आप कशा सुटतील? कोई तो छुड़ाता होगा!” आणि इतका लांब धागा मावतो कसा, हे सांगायला तिने घाटावरच्या पातळाचा दाखला दिला. वर्ग खो खो हसला. मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटलं, “वृंदा, धोबीघाट इम्तिहान में नहीं आता. आपोआप सुटतात. लिही.” तिने मान खाली घालून लिहिलं. ती झुकलेली मान पाहून मला जे समाधान वाटलं होतं, त्याची आज लाज वाटते.

गेल्या महिन्यात त्याच कॉलेजने तिला व्याख्यानाला बोलावलं. आता ती दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नेमका हाच गुंता उलगडते. प्राचार्यांचा मला फोन आला, “मॅडम, दो शब्द आप भी बोलिएगा, आपकी छात्रा है.” मी ठरवलं, त्या दिवसाची गोष्ट सर्वांसमोर कबूल करायची. घरी आरशासमोर उभी राहून वाक्यंही पाठ केली.

सभागृहात अंधार झाला आणि काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके लुकलुकले. प्रत्येक ठिपका म्हणजे गुणसूत्राची नक्कल जिथून सुरू होते ती जागा. एका ठिपक्याचे दोन झाले, आणि पेशी लांबण्याची वाट न पाहता ते दोन टोकांकडे निघाले! त्यांना नेणारी प्रथिनं वेगळी, धाग्याला पीळ घालणारं विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळं, त्याचे फासे आवळून धरणारी आणखी वेगळी. आणि शेवटी, दोन कड्या एकमेकींत अडकलेल्या असताना, एक विकर येतं, एक कडी कापतं, त्या फटीतून दुसरीला वाट देतं आणि कापलेली जागा पुन्हा सांधून टाकतं. किती हळुवार! आपोआप काहीच नव्हतं.

मी काय केलं सांगू? तिची साडी न्याहाळली, टसरची होती. तिचं इंग्रजी तपासलं, हिंदी तपासलं, एखादी चूक हाती लागते का म्हणून कान टवकारून बसले. लागली नाही. या वयात मत्सर शोभत नाही हे मलाही कळतं, पण कळून कधी कुणाचा जळफळाट थांबलाय?

त्या जीवाणूचाही मला हेवा वाटला. डोळ्यांना न दिसणारा एवढासा जीव, पण दोन्ही लेकींना आपलं सारं संचित जवळजवळ जसंच्या तसं देतो आणि देऊन झाल्यावर स्वतः मागे उरत नाही. उरत नाही म्हणूनच त्याला जळावं लागत नसेल. शिक्षक मात्र उरतो. फ्रीगंजच्या बाजारात भाजी घेत, विद्यार्थ्यांची नावं वर्तमानपत्रात वाचत, आपलं त्यात काय होतं ते शोधत उरतो.

व्याख्यानाच्या शेवटी वृंदा म्हणाली, “ये सवाल मेरे मन में इसी कॉलेज में आया था, मॅडम की क्लास में.” त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, माईक माझ्या हातात आला. पाठ केलेली वाक्यं ओठांपर्यंत आली होती. आणि मी म्हणाले, “मुझे तो उसी दिन लगा था, ये लड़की बहुत आगे जाएगी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. वृंदा मंचावरून उतरली आणि माझ्या पायांशी वाकली. उठताना तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला कळलं, हिला सगळं आठवतंय. वर्गाचं हसणं, माझं ते ‘लिही’, सगळं. तरी ती म्हणाली, “मॅडम, तब्येत सांभाळा हं. चला, ऑटोपर्यंत सोडते.” आणि माझा हात धरून ती हळूहळू पायऱ्या उतरू लागली.

तिच्या ज्ञानाचा, तिच्या नावाचा हेवा मी कसाबसा गिळला असता. पण इतकं दुखावलेलं असताना इतकं सहज वाकणं तिला कुणी शिकवलं? मी तर नाहीच.