चांगुणाबाईचा स्वेटर

रखमाजी साळवे सोनईजवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. उसाने लादलेली बैलगाडी काट्याच्या मधोमध उभी करून घ्यायची, हे त्याचं काम. बैल बुजला तर चुचकारायचा, गाडीवान बुजला तर दरडावायचा. एरवी तो फारसा बोलत नसे. घरातलं बोलणं त्याची बायको चांगुणाबाई बोलायची. ती सरकारी दवाखान्यात आया होती. पोळ्यानंतर तिला कावीळ झाली आणि ती त्याच दवाखान्यात वारली.

मुलगी भारती राहात्याहून आली. तिने आईच्या साड्या नात्यातल्या बायकांना वाटल्या, गोधडी स्वतःसाठी घेतली. लाल स्वेटर मात्र तिच्या अंगाला होईना.

"अण्णा, कुनाला तरी द्या हा," ती जाताना म्हणाली. "पेटीत ठिवला तर कसर लागंल. आईनं लई जपला होता."

जपला होता हे खरं. नगरच्या रस्त्यावर थंडीत स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी बाईकडून चांगुणाबाईने तो घासाघीस करून घेतला होता. पहाटेच्या पाळीला जाताना साडीवरून घालायची. तिसरी गुंडी तुटली तेव्हा तिथे पिन लावली. गुंडी आज लावते, उद्या लावते, असं म्हणता म्हणता ती पिन गंजली.

द्यायचा म्हणजे कुणाला, एवढाच प्रश्न होता. रखमाजीला तो सोपा वाटला.

त्या वर्षी लातूरकडे भूकंप झाला होता. गावोगाव कपडे गोळा होत होते. चौकात टेम्पो उभा होता. रखमाजी स्वेटर वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला. टेम्पोत कपड्यांचा ढीग लागला होता. फाटक्या चोळ्या, नाड्या नसलेले परकर, गुडघ्यावर विरलेल्या विजारी. वरच्या पोत्यातून लहान मुलाचा मोजा लोंबत होता, एकच. लोकांनी दिवाळीआधी घरं झाडली होती.

"टाका काका," टेम्पोवरचा पोरगा वरून म्हणाला. "तिकडं समदं चालतंय."

रखमाजीने पुडकं काखेत घट्ट धरलं आणि तो माघारी फिरला. पोरगा मागून काहीतरी ओरडला, पण त्याने वळून पाहिलं नाही.

स्टँडजवळ गनीभाई शिंप्याचं दुकान होतं. दोघे एका वर्गातले. गनीभाईने स्वेटर उलटापालटा करून पाहिला.

"लोकर चांगली हाय. उसवून तुला कानटोपी करून देऊ?"

"तिचा उसवायचा न्हाई."

"मग शनिवारी शिंगणापूरला नेऊन ठेव. तिथं लोक अंगावरचे कपडे, चपला सोडून जात्यात. कुनीतरी उचलंलच."

"लोक तिथं साडेसाती सोडत्यात, गन्या. माझी बायको काय साडेसाती होती?"

"ती न्हवती. तिला तू होतास," गनीभाई म्हणाला आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. मग म्हणाला, "अरे, एखाद्या गरिबाला दे की. लई इचार करतोस."

गरीब म्हणजे काय, हे रखमाजीला कुणी सांगायची गरज नव्हती. तो लहान असताना गावच्या देशमुखांकडचं कुणी मेलं की मेलेल्याचे कपडे महारवाड्याकडे येत. तो हक्क समजला जाई. असाच एक काळा कोट रखमाजीच्या वाट्याला आला होता. बाह्या बोटांच्या खाली लोंबत. कोट उबदार होता. शाळेच्या वाटेवर पोरं ओरडायची, "थोरले देशमुख आले रे, उठा!" आणि खरंच उठून उभी राहायची. पुढे छप्पन साल आलं. दीक्षा घेतल्यावर बापाने तो कोट चुलीत घातला. म्हणाला, "आता कुनाचं उतरलेलं अंगाला लावायचं न्हाई." त्या हिवाळ्यात रखमाजी खूप कुडकुडला. पण ती थंडी घरची होती.

आता त्याच्याच हातात मेलेल्या माणसाचा कपडा होता, आणि घेणारा शोधत तो गावभर हिंडत होता. स्वेटर कुणाच्या अंगावर गेला पाहिजे, पण देशमुखांचा कोट होऊन नाही. बाकी त्याला काही नको होतं.

हंगाम सुरू झाला. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, कारखान्यामागच्या माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या. थंडी त्या वर्षी लवकर पडली. पहाटे गाड्यांची रांग लागे आणि बैलांच्या नाकातून वाफा निघत. रांगेतल्या एका गाडीवर उसावर बसलेली बाई त्याने रोज पाहिली. साडीवरून नवऱ्याचा सदरा, डोक्याला फडकं. लंकाबाई तिचं नाव. रांगेतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, कारण ती सगळ्यांशी भांडायची.

एके दिवशी त्याने स्वेटर आणला आणि गाडी काट्यावरून उतरल्यावर तिच्यापुढे धरला.

"कुनाचा?" तिने हात पुढे केला नाही.

"माझ्या बायकोचा."

"का, तिला थंडी वाजत न्हाई?"

"ती गेली. पोळ्यानंतर."

खोटं बोलणं सोपं होतं. ते त्याला नंतर सुचलं.

लंकाबाईने स्वेटरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मेलेल्या मानसाचं फुकट घेत न्हाई मी. मेलेल्याचंच काय, जित्याचंबी न्हाई."

"मीबी घेत न्हाई," रखमाजी म्हणाला.

ती थोडी गोंधळली. गाडीवरून तिचा नवरा म्हणाला, "घे की! लेकराच्या वरताण कुडकुडतीस."

"तुमी गप बसा. सदरा माझ्या अंगावर, म्हून तुमाला घाई." मग तिने रखमाजीला विचारलं, "शेरडू हाय का तुमच्या घरी?"

"एक शेळी हाय."

"मग वाढं न्या. सांजच्याला कोपीवर या. रोज एक भारा, आठ दिस. जमतंय का?"

वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा. तोडणीवाल्यांच्या वाट्याचा, तो विकून त्यांचं मीठमिरचीचं भागे. रखमाजीने बापजन्मात घासाघीस केली नव्हती.

"दहा दिस," तो म्हणाला.

"आठ. जुना हाय."

"बरं, आठ."

तिने तिथेच स्वेटर सदऱ्याखाली चढवला आणि गाडी हलली. संध्याकाळी रखमाजी सायकलच्या कॅरिअरला वाढ्यांचा भारा बांधून घरी आला. शेळीने मान वर न करता खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रांगेतूनच आरडाओरडा ऐकू आला. "ओ काटेवाले! गुंडी न्हाई याला! पिन टोचली मला! आदी का न्हाई सांगितलं? एक भारा कमी करनार मी!"

गाडीवान हसायला लागले. रखमाजीने गाडी काट्यावर नीट लावून घेतली. "उद्या आनतो," म्हणाला.

पाळी सुटल्यावर तो गनीभाईच्या दुकानात गेला आणि लाल गुंडी मागितली.

"स्वेटर दिलास ना? मग आता गुंडी कशाला? दिलेल्या दानाला गुंडी लावून देतोस व्हय?" गनीभाईने डबा त्याच्यापुढे सरकवला.

"दान न्हाई," रखमाजी गुंड्या चाळत म्हणाला. "गिऱ्हाईक वरडतंय."